मायचे केस घेऊन इंदूरला

इंदूरला जाऊन आलो म्हटलं की यावलच्या बाजारात पहिला प्रश्न येतो, "सराफ्यात काय काय खाल्लं?" दुसरा येतो, "राजवाडा पाहिला का?" दोन्हीला नाही म्हटलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जसा काही मी पंगतीतून उपाशीच उठून आलोय. आता प्रत्येकाला उभ्या उभ्या काय सांगू? म्हणून एकदाचं लिहून टाकतो. आम्ही तिथं एक उजेड बघायला गेलो होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्यानं आमच्या घरातली एक गोष्ट दाखवली, आणि ती गोष्ट गावभर झाली होती, म्हणून तिचा शेवटही गावाला कळायला हवा.

मी मोटर वाइंडिंगवाला. केळीच्या पट्ट्यात बोअरच्या मोटरी जळत असतात, त्यांत नवी तार भरून देणं हा माझा धंदा. घरी बायको सुमन. मुलगी रोहिणी जळगावला विद्यापीठात पीएच.डी. करते. आणि मोठी बहीण, जिला सगळे अक्का म्हणतात, ती साक्रीला दिलेली. साक्रीला राहून अक्काची बोली पार अहिराणी झाली. माहेरी आली तरी 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणं सोडत नाही, आणि आम्ही हसलो की डोळे वटारते.

माय परवाच्या साली गेली. आधी केस गळायला लागले, मग पोटात कळा, मग हातापायाला मुंग्या. जळगावच्या एका डॉक्टरनं एक सांगितलं, दुसऱ्यानं भलतंच. शेवटी अन्न तुटलं आणि गेली. तोवर एका जाणत्या म्हणवणाऱ्या माणसानं अक्काच्या कानात सांगून ठेवलं होतं की ही लक्षणं सोमलाची. सोमल म्हणजे जुन्या गोष्टींतलं ते विष, चिमूट चिमूट जेवणात घालायचं. दहाव्याच्या दिवशी सगळे भाऊबंद ओट्यावर बसलेले असताना अक्का रडता रडता उठली आणि म्हणाली, "मन्ही माय इच्याच हातनं खाये. मन्ही मायले इनी सोमल दिन्हा." आणि बोट सुमनकडे.

मी ओरडलो, पण माझं ओरडणं कोण धरतो? नवरा ओरडणारच. त्या दिवसापासून अक्का आमच्या घरचं पाणी पीत नाही. दोनदा आली, दोन्ही वेळा स्वतःची बाटली घेऊन. तिचं बघून समोरच्या काकू, मागच्या आळीच्या वहिनी, सगळ्यांनी सुमनच्या हातचा चहा हळूहळू टाळायला सुरुवात केली. हळदीकुंकवाला बोलावणं येतं, पण सुमनच्या ताटातला लाडू तसाच राहतो. माझी बायको बोलणारी बाई होती हो. आता दार लोटून घेते.

गेल्या दिवाळीत रोहिणी सुट्टीवर आली आणि कोनाड्यात तिला केसांचा गोळा सापडला. आमच्याकडे बायका विंचरलेले केस टाकत नाहीत. गोळा करून भिंतीच्या कोनाड्यात खोचतात, केसांवर भांडी देणारी आली की तिला घालतात आणि स्टीलची वाटी घेतात. मायचा शेवटचा गोळा तसाच होता. पांढरा, रेशमासारखा. भांडीवाली कितीदा येऊन गेली, पण सुमननं दिला नव्हता. गेलेल्या माणसाचे केस विकायचे कसे, एवढंच तिचं म्हणणं.

रोहिणीचा अभ्यास नेमका केसांचाच. केळीच्या बागेत राबणाऱ्या बायकांच्या अंगात लोह किती, जस्त किती, हे ती केसावरून बघते. इंदूरजवळ एक मोठी संस्था आहे, तिथल्या उजेडात केस धरला की त्यात कुठला धातू आहे ते कळतं. तिला तिथं वेळ मिळाला होता. ती म्हणाली, "आई, आजीचा केस लावू का? सोमल पोटात गेला असेल तर केसात उतरतोच. पण निघाला तर निघाला, मग मागे फिरता येणार नाही."

सुमन भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "लाव."

मी अक्काला फोन केला. अक्का कडाडली. पोरगी आईचीच बाजू घेणार, केस बदलून टाकील, यंत्राला काय, सांगाल ते बोलेल. शेवटी असं ठरलं की अक्कानं स्वतः येऊन भाऊबंदांसमोर गोळ्यातले केस निवडायचे, पुडी बांधून शिवायची, आणि रोहिणीनं पुडीला हात न लावता तिथं तपासणी करणाऱ्या बाईंकडे पाठवायची. तपासायच्या दिवशी अक्का हजर. "बठ्ठं मन्हा डोयासमोर व्हवाले पाहिजे," ती म्हणाली. मग सुमनही म्हणाली, "मीपण येते. माझ्यामागं काही नको."

शिरपूर

थंडीचे दिवस होते. पहाटे नाही, चांगलं उजाडल्यावर निघालो, कारण माझ्या जुन्या गाडीला थंडीत लवकर उठायची सवय नाही. चोपड्यापर्यंत केळीच्या बागा, पुढं कापूस आणि दादर ज्वारी. सुमन मागच्या सीटवर, मांडीवर डबा. भरीत आणि पुऱ्या. हिरवी वांगी तुराट्यांवर भाजून, हिरवी मिरची बडजीत, म्हणजे लाकडी उखळीत कुटून. वास गाडीभर.

शिरपूरच्या स्टँडवर अक्का साक्रीहून धुळ्यावरून एसटीनं आली होती. डोक्यावर पदर, हातात पिशवी, पिशवीत तिचा स्वतःचा डबा आणि दोन बाटल्या पाणी. मी म्हटलं, "अक्का, पुढं बस." ती म्हणाली, "नही. मांगेच बससू." म्हणजे सुमनच्या शेजारीच. का बसली देव जाणे. दोघींच्या मधे तिनं पिशवी ठेवली, जशी बांधावर काटेरी फांदी ठेवतात.

मी गाणी लावली, दोघीही म्हणाल्या, "बंद करा." दोन वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं असेल.

बिजासनचा घाट

पळासनेर सोडलं की आग्रा रोड सातपुड्यात शिरतो. ट्रकांची रांग, वळणं, डोंगरावर वाळलेलं पिवळं गवत आणि त्यात मधेच एखादं पळसाचं झाड. घाटात बिजासन मातेचं देऊळ लागतं. महाराष्ट्राची हद्द इथं संपते, आणि ड्रायव्हर लोक इथं हात जोडल्याशिवाय पुढं जात नाहीत.

देवळाच्या अलीकडेच अक्काला मळमळायला लागलं. मी गाडी बाजूला घेईपर्यंत ती दार उघडून वाकली. सुमन दुसऱ्या बाजूनं उतरून धावली आणि तिनं अक्काचं कपाळ धरलं. ओकणाऱ्या माणसाचं कपाळ धरायचं असतं, मायनं आम्हाला लहानपणी तसंच धरलं होतं. अक्कानं धरू दिलं. चांगला वेळ दोघी तशाच उभ्या होत्या, एक वाकलेली, एक तिचं डोकं तोलून धरणारी. मग सुमननं आपल्या बाटलीचं झाकण उघडून पुढं केलं.

अक्कानं तोंड फिरवलं. आपल्या पिशवीतली बाटली काढली, चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. सुमननं झाकण परत लावलं. मला इतका राग आला की मी चाकावर लाथ मारली, आणि पायाचं बोट इंदूरपर्यंत ठणकत राहिलं.

पुढं सेंधवा, मग खलघाटला नर्मदा. पुलावर दोघींनी पाण्यात नाणं टाकलं, आपापल्या खिडकीतून.

इंदूर

रोहिणी संस्थेच्या फाटकाशी उभी होती. तिनं आधीच परवानगी काढून ठेवली होती. फोन जमा करा, पास घ्या, छातीला एक बिल्ला लावा. अंगावर किरणं पडली तर त्या बिल्ल्याला कळतं म्हणे. पास देणारा मुलगा हिंदीत बायकांना एक प्रश्न विचारायचा नेमच पाळत होता, की पोटात बाळ वगैरे नाही ना. अक्काचे नातू कॉलेजात जातात. रोहिणीनं प्रश्नाचा अर्थ सांगितल्यावर अक्का म्हणाली, "त्याले सांग, देवानं जथं बंद करं तथं बंदच शे." सुमनला हसू आलं. तिनं ते पदरात दाबलं, पण मला गाडीच्या आरशात नव्हे, समोरच दिसलं. फार दिवसांनी दिसलं.

आम्हाला न्यायला मुळे मॅडम आल्या. तपासणी त्याच करणार होत्या. रोहिणीनं आधीच सांगितलं होतं, "मी घरची आहे, मी यंत्राजवळ बसणार नाही." मुळे मॅडमच्या तीन पिढ्या इंदूरलाच. त्यांचं मराठी ऐकून मजा वाटली. "तुम्ही लोकं दमून आले असणार, आधी चाय पिऊन घ्या, मी अभी येऊन राहिले," असं म्हणाल्या. साक्रीच्या अक्काला आणि यावलच्या मला ते मराठी सारखंच परकं आणि सारखंच आपलं वाटलं.

रिंग

आता ती जागा सांगतो, कारण तुम्ही पाहिलेली नसणार. एखाद्या मोठ्या जिनिंगच्या गोडाऊनपेक्षा कितीतरी मोठं छप्पर. वर पिवळी क्रेन. मधोमध वाटोळी, माणसाच्या उंचीपेक्षा वर गेलेली काँक्रीटची भिंत, फिरत फिरत परत आपल्याशीच येऊन मिळणारी. तिच्या आत एक नळी आहे, नळीत हवासुद्धा ठेवलेली नाही. त्या नळीतून विजेचे कण फिरत असतात, उजेडाच्या वेगाला जवळजवळ गाठून. सगळीकडे एकच घूं आवाज. तो माझ्या ओळखीचा. चुंबकात करंट सोडला की असाच आवाज येतो.

ते कण सरळ जाऊ पाहतात, चुंबक त्यांना वळवतो. वळताना ते उजेड टाकतात. अक्काला काही कळेना तेव्हा रोहिणी म्हणाली, "आत्या, ओला पंचा डोक्याभोवती गरगर फिरवला तर पाणी कसं बाहेर उडतं? तसा हा उजेड उडतो." अक्का म्हणाली, "हां, मंग तसं सांग ना."

भिंतीतून जागोजागी नळ्या बाहेर येतात आणि प्रत्येक नळीच्या टोकाला शिशाचं आवरण असलेली एक खोली. आमच्या खोलीत मुळे मॅडमनी अक्काला नेलं. अक्कानंच शिवलेली पुडी तिला दाखवली. पुडीचा एक कोपरा उसवून थोडे केस काढून, घट्ट होणाऱ्या चिकात रोवून, त्यांचे आडवे बारीक काप आधीच केले होते; उरलेले तसेच होते. अक्कानं आपले टाके ओळखले आणि मान हलवली. मग खोली बंद करायची. बंद करण्याआधी एक माणूस आत कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन बटणं दाबतो, म्हणजे आत कोणी राहिलं नाही याची खात्री. भोंगा वाजतो. मग दार. देवाच्या गाभाऱ्याचं दार लावताना पुजारी आत वळून बघतो तसंच ते वाटलं.

बाहेर टेबलावर पडदे. मुळे मॅडम म्हणाल्या, "हा उजेड धातूवर पडला की धातू उलटा बोलतो. प्रत्येकाची पडद्यावरची जागा ठरलेली आहे. लोह इथे, तांबं इथे, जस्त इथे." त्यांनी बोट पुढं सरकवलं. "आणि सोमल इथे."

सुमन माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात धरला नाही. दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

पडद्यावर हिरवी रेघ हळूहळू चढायला लागली. लोहाच्या जागी लहान टेकडी. जस्ताच्या जागी मोठी. मॅडम म्हणाल्या, हे सगळ्यांच्या केसात असतं. मग पुढं रेघ सपाट गेली, गेली, आणि जिथं त्यांनी शेवटचं बोट ठेवलं होतं तिथं तिनं डोकं वर काढलं. आधी वाटलं थरथर आहे. मग चढतच गेली.

"देखा!" अक्का ओरडली. "देखा, देखा! मी सांगत होतू!"

सगळ्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. रोहिणी पांढरी पडली. मी सुमनकडे बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, अगदी शांत, जसं कोणी दुसऱ्याच्या घरचं बघतंय.

मुळे मॅडमनी हात वर केला. "थांबा, थांबा. या जागेवर दोघं बसतात. सोमलपण आणि शिसंपण. दोघांची जागा एकच आहे, अंतर इतकं कमी की यंत्रालाही वेगळं करता येत नाही. मी उजेड थोडा उतरवते. त्या उजेडात शिसं गप्प बसतं, सोमल मात्र बोलतोच. टेकडी राहिली तर सोमल. गेली तर शिसं."

त्या बटणाकडे वळल्या, आणि तेवढ्यात तो घूं आवाजच बदलला. वरचा हिरवा दिवा विझला. कोणीतरी लांबून हिंदीत हळहळलं.

"बीम गेला," रोहिणी म्हणाली.

"आठे बी लाइट जास का?" अक्कानं विचारलं.

लाइट नव्हे, कण गेले होते. फिरता फिरता भिंतीला लागून संपले. आता परत नवे भरायचे, वेग द्यायचा, रिंगमधे सोडायचे. मॅडम म्हणाल्या, "यात वेळ जाणार. तुम्ही लोकं कॅन्टीनला जाऊन या."

दाल-बाफला

आमच्याकडे बट्टी असते, यांच्याकडे बाफला. आम्ही कणकेचे रोडगे वाफवून, कापून, तुपात तळतो. हे वाफवून शेकतात आणि तुपात बुडवतात. डाळीत आमच्यासारखा तिखटपणा नाही, जरा गोडसर. एरवी मी यावर तासभर वाद घातला असता. त्या दिवशी ताट समोर होतं, आणि मी नुसती डाळ ढवळत होतो.

अक्का लांबच्या टेबलावर एकटी बसली होती. तिचा डबा फाटकाशीच अडवून ठेवला होता, आणि इथलं ताट तिनं घेतलं नव्हतं. मला वाटलं होतं ती छाती काढून बसेल. पण ती पदर डोळ्यांवर ओढून बसली होती आणि खांदे हलत होते. दोन वर्षं जे खरं आहे म्हणून सांगत होती ते पडद्यावर दिसल्यावर तिला पहिल्यांदा तिची माय डोळ्यांसमोर दिसली असावी, घासाघासानं मरताना.

सुमन म्हणाली, "राहिली टेकडी तर?"

मी म्हटलं, "राहिली तर राहिली. तू केलं नाहीस, मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक असून काय उपयोग आहे?" ती म्हणाली. रागानं नाही म्हणाली. "तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तरी मी दोन वर्षं कोणाला घोटभर चहा देऊ शकले नाही."

मी माझ्या ताटातला अर्धा बाफला तिच्या ताटात ठेवला आणि तिनं तो खाल्ला, मला बरं वाटावं म्हणून.

सोमलाची जागा

परत गेलो तेव्हा हिरवा दिवा लागला होता. मॅडमनी उजेड उतरवला. कसा, ते मला नीट सांगता येणार नाही. आत एक स्फटिक आहे, तो किंचित वळवला की उजेडाची ताकद बदलते.

रेघ पुन्हा निघाली. लोह. जस्त. अक्का खुर्चीच्या टोकावर पुढं झुकली होती. रेघ त्या जागेशी आली. सपाट. आम्ही वाट बघत राहिलो. मॅडमनी पुन्हा एकदा लावलं, पुन्हा सपाट. तिसऱ्यांदा लावलं.

"सोमल नाही," मुळे मॅडम म्हणाल्या. "थोडासुद्धा नाही. ते शिसं होतं."

रोहिणी रडायला लागली. सुमन तशीच उभी. तिनं फक्त पदरातले हात मोकळे सोडले.

पण अक्का सहजासहजी ऐकणारी असती तर साक्रीला नांदलीच नसती. "शिसं काय चांगलं रहास का? ते बी जहरच शे ना? ते कथाईन उनं?" ते कुठून आलं, हा प्रश्न खोटा नव्हता. मॅडमनाही पटला. त्यांनी कापाचं चित्र पडद्यावर आणलं. केसाचा आडवा काप, मोठा करून. कडेला लाल कडं, आतला सगळा भाग काळा, रिकामा. "हे बघा. पोटातून गेलेलं असतं तर आतपण रंग दिसला असता. हे बाहेरून लागलेलं आहे, आत नाही. त्या कलप लावत होत्या? काजळ? भांगात सिंदूर? स्वस्तातल्या सिंदुरात शिसं असतं."

अक्का ताडकन म्हणाली, "मन्ही माय बिनकुंकवाची बाई! आम्हना बाप कधीना गया. सिंदूर कसाना?"

सगळं पुन्हा अडलं. मॅडम रोहिणीकडे बघायला लागल्या, रोहिणी माझ्याकडे. मायनं बाप गेल्यापासून कपाळाला बोट लावलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत.

मग मी अक्काकडे बघितलं. तिचा उजवा हात वर गेला होता आणि पदराखाली आपल्याच डोक्यावरून मागं फिरत होता. हळूहळू. एकदा. दोनदा. तिचं तोंड उघडं राहिलं होतं.

"म्हसोबा," ती म्हणाली.

आमच्या शेताच्या बांधावर म्हसोबाचा दगड आहे. दर अमावास्येला माय त्याला शेंदूर लावायची, तेलात कालवून, हातानं. लावून झालं की हात धुवायचा नाही आणि फडक्याला पुसायचा नाही, देवाचं असं उकिरड्यावर जाऊ द्यायचं नाही. तो हात आपल्याच केसांना पुसायचा. मायनं तिच्या सासूकडून घेतलं, अक्कानं मायकडून. शेंदूर केसात मुरायचा, नारळाच्या तेलासारखा. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचंच नाही, म्हणून कोणाला आठवलंही नाही. सुमनला तर माहीतच नव्हतं, कारण आम्ही मोठे झाल्यावर म्हसोबाकडे माय एकटीच जायची.

"मी बी पुसस," अक्का म्हणाली. "साक्रीले बी आम्हना बांधवर शे. मी बी तसंच करस." आणि तिनं पदर मागं टाकला, आपल्या डोक्यातला एक केस धरला आणि खसकन उपटून मॅडमपुढं धरला. "मन्हा लाव."

मॅडमचा ठरलेला वेळ उरला होता थोडा. त्यांनी तो केस पट्टीवर चिकटवला. पुन्हा बटणं, पुन्हा भोंगा, पुन्हा दार. पहिल्यासारखाच उजेड लावला. रेघ त्या जागेशी आली आणि चढली. मायच्या केसापेक्षाही उंच.

अक्का त्या टेकडीकडे बघत बसली. मग तिनं कोणालाही उद्देशून नाही, पडद्यालाच विचारलं, "मंग मले कोनी दिन्हं?"

मुळे मॅडमनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि शेंदराचा हात यापुढं धूत जा असं सांगितलं. मी विचारलं, मग माय गेली कशानं? त्या म्हणाल्या, "ते हा उजेड सांगत नाही. सोमलानं गेल्या नाहीत, शिसं पोटात नव्हतं, एवढंच सांगतो." म्हणजे माय कशानं गेली ते आम्हाला आजही माहीत नाही. त्याचं दुःख आहेच. पण ते साधं दुःख आहे, सगळ्यांच्या घरी असतं तसं.

परत

रात्र आम्ही रोहिणीच्या ओळखीनं पाहुण्यांच्या खोलीत काढली आणि सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. तिथं पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला टाकतात, आणि सोबत जिलबी. मला ते विचित्र वाटलं आणि मी दोनदा घेतलं. अक्कानंही खाल्लं. फाटकावरून तिच्या बाटल्या परत मिळाल्या होत्या, पण तिनं त्या भरून घेतल्या नाहीत.

परतीला दोघींच्या मधे पिशवी नव्हती. ती अक्कानं पायाशी ठेवली होती.

बिजासनला गाडी थांबवली. या वेळी ओकायला नाही, दर्शनाला. पायऱ्या उतरून आलो. ऊन बऱ्यापैकी होतं. अक्का गाडीला टेकून उभी राहिली, कोरडी जीभ ओठांवरून फिरवली आणि पुढं हात केला. "सुमन. पानी दे."

दोन वर्षं मी हेच ऐकायला जिवाचे कान करून बसलो होतो. मला वाटलं, झालं, संपलं, गंगेत घोडं न्हालं. सुमननं बाटली उचलली. झाकणावर हात ठेवला. आणि म्हणाली, "इथं नको, अक्का."

अक्काचा हात तसाच राहिला.

"तुम्ही बोललात ते ओट्यावर बोललात," सुमन म्हणाली. "सगळ्या भाऊबंदांसमोर. काकू होत्या, वहिनी होत्या, सगळे होते. पाणी मी तुम्हाला तिथंच देईन. रस्त्यात चोरून नाही देणार."

मी मधे बोलायला गेलो, "अगं, तहान लागलीय तिला," तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं गाडीत जाऊन बसलो. अक्का थोडा वेळ बाहेरच उभी होती. मग दार उघडून बसली. पाणी तिनं मागितलं नाही, ढाब्यावर प्यायली नाही, मी घेऊन दिलेली बाटलीही उघडली नाही.

शिरपूर आलं. अक्काला इथून धुळ्याची गाडी धरायची होती. मी स्टँडकडे वळायला इंडिकेटर लावला.

"सरय चाल," अक्का मागून म्हणाली.

मी सरळ चाललो. चोपडा गेलं, केळी लागल्या. गावात शिरलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. बायका दारात बसून शेंगा सोलत होत्या. अक्का उतरली, घरात गेली नाही. ओट्यावर चढली, दहाव्याला जिथं उभी होती त्याच जागी जाऊन उभी राहिली, आणि समोरच्या दाराकडे तोंड करून तिनं हाक मारली, "काकू! इकडे ये वं." मग मागच्या आळीच्या वहिनीला. मग आप्पांना, जे आमच्या भाऊबंदांत वडीलधारे. लोक जमायला लागले. मला वाटलं, आता काय तमाशा होतोय कोण जाणे.

अक्का सगळ्यांच्या तोंडाकडे बघून म्हणाली, "ऐका बठ्ठा जन. सोमल नव्हता. मी मन्हा डोयावरी देखीसन उनू. मन्ही मायले कोनीच काही दिन्हं नही." तिचा घसा सकाळपासून कोरडा होता, शेवटचे शब्द फाटून आले. मग ती ओट्यावर मांडी घालून बसली आणि दाराकडे बघून म्हणाली, "सुमन, आते दे पानी."

सुमन आत गेली. मायचा पितळी तांब्या घेऊन बाहेर आली, भरलेला, वर पेला. अक्कानं पेला बाजूला ठेवला, तांब्याच तोंडाला लावला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायली. पाणी हनुवटीवरून गळ्यावर सांडलं. ते तिनं पुसलं नाही.

तांब्या रिकामा झाला तेव्हा सुमननं विचारलं, "अजून देऊ?"

"दे," अक्का म्हणाली. "आनि काकूले बी दे."